'छान' लिहिणाऱ्यानं चहा करायचा

शिवणाच्या दुकानात चिंध्या साठतात तसे माझ्याजवळ किस्से साठलेत. फेकायला घ्यावं तर एखादा तुकडा हाती येतो आणि वाटतं, राहू द्या, कुठंतरी लागेल. हे त्यातलेच काही.

जरीपटका वस्तीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आम्ही गाणं ऐकतो. कुणी ना कुणी गायला-वाजवायला येतं. ऐकणारे पक्के चौघंच, बाकीचे येऊन-जाऊन. गाणं झालं की वही फिरते. प्रत्येकानं अभिप्राय लिहायचा आणि गाणाऱ्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचा. ही वही सुरू केली मेश्राम सरांनी. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले, पण जीव सगळा गाण्यात, स्वतःही गायचे. पहिल्याच पानावर त्यांनी नियम लिहून ठेवला: 'छान' हा शब्द चालणार नाही. जो लिहील, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी चहा करायचा.

"काहून सर?" मी विचारलं होतं.

"अवं लता, छान म्हणजे ऐकलंच नाही. ज्यानं ऐकलं, त्याच्याजवळ दुसरं काहीतरी सांगायले असते."

आता शास्त्र आमच्यापैकी कुणाला येतं? मग ज्याचा जो धंदा, त्या भाषेत लिहिणं सुरू झालं.

* * *

धोटे काका भिवापूरचे, मिरचीचे व्यापारी. सरांचे जुने दोस्त. पहिल्यांदा आले तेव्हा एका नावाजलेल्या बाईंचं गाणं होतं. साडी भारी, ताना त्याहून भारी. काकांनी वाचलं, "रंग भरपूर. तिखट नाही. असा माल मी जिभेवर ठेवतो आणि पोतं परत बांधतो."

बाईंनी तानपुरा खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे तिखट आहे का?" जाताना दोन किलो घेऊन गेल्या. अजून दर वर्षी मागवतात, आणि काका दर वर्षी फोनवर विचारतात, "अन् गाणं?"

* * *

शुभांगी मिहानमध्ये विमानं दुरुस्त करते. एका तबलेवाल्यासाठी तिनं लिहिलं, "टेकऑफ मस्त. वर गेल्यावर वीस मिनिटं नुसत्या घिरट्या. लँडिंगला धावपट्टी सोडून शेजारच्या वावरात उतरले. प्रवासी सुखरूप."

तबलजी हसले नाहीत. पण पुढच्या महिन्यात स्वतःहून आले, आणि सम आली की दर वेळी आधी शुभांगीकडं पाहायचे.

* * *

माझंही सांगते. एका बुवांनी तासभर यमन लावला. मी लिहिलं, "कापड उंची आहे. पण कंबरेत चार बोटं सैल. दोन टाके घातले तर अंगावर बसेल."

कोपऱ्यातून बुवांची बायको म्हणाली, "मी वीस वर्षांपासून हेच सांगून राहिली. माझ्याजवळ वही नव्हती, बस."

* * *

इतक्या वर्षांत चुकून 'छान' एकदाच लिहिलं गेलं. धोटे काकांच्या जावयानं. अमरावतीहून पाहुणा आला होता, बिचाऱ्यानं रीत म्हणून लिहून टाकलं. काकांनी पुढच्या रविवारी त्याला परत बोलावून घेतलं, चहा करायला.

मुलगी फोनवर भांडली, "बाबा, जावयाले कोणी चहा करायले लावते का?"

"जावई दिवाळीले," काका म्हणाले. "रविवारी तो श्रोता."

जावई ओट्यापाशी आलं किसत होता आणि काका खुर्चीतून सांगत होते, अजून उकळू दे. काकांनी स्वतः जन्मात गॅस पेटवला नव्हता.

* * *

मागच्या वर्षी सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. वर्षभर सर आलेच नाहीत. दुसऱ्याचं गाणं ऐकवत नाही म्हणाले. गेल्या महिन्यात एका रविवारी हळूहळू जिना चढून आले आणि सतरंजीवर बसले.

"आज मी गाणार. अभिप्राय नेहमीसारखा पाहिजे. कोणी कीव केली तर मले समजते. मग हा जिना मी परत चढणार नाही."

गायले. पंधरा मिनिटं. आवाज फाटत होता. वरच्या 'सा'ला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पोचले नाहीत. मी मान वर केलीच नाही.

शुभांगीनं वाचलं, "लँडिंग एकदम स्मूथ." मी वाचलं, "फिटिंग बरोबर बसलं." सरांनी चष्मा डबीत घातला आणि पिशवी आवरायला लागले. मला रडू यायला लागलं, पण वाचून झालेलं परत कसं घ्यायचं?

मग धोटे काका उठले.

"माल भिजला आहे. वरचा सा लागला नाही. लय दोनदा सुटली. खालचे सूर तेवढे अजून तिखट आहेत, ते जपा. आज भाव सांगत नाही. वाळवून परत आणा."

शुभांगीनं त्यांचा सदरा ओढला, "काका, असं काहून बोलून राहिले?"

सरांनी पिशवी खाली ठेवली. "कोणता सा गा धोटे? पहिला का दुसरा?"

"दोन्ही."

"दुसरा जवळ होता."

"थोडासा," काका म्हणाले आणि सरळ मागच्या ओट्याकडं गेले. त्या दिवशी चहाचा दंड कुणावरच नव्हता, चहा खालच्या टपरीवरून यायचा होता. आतून काड्या ओढल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार. मी उठले तर म्हणाले, "तू बस वं. साखर कुठं आहे तेवढं सांग."

चहा आला. काळाकुट्ट, आणि आलं इतकं की शुभांगीला ठसका लागला. सरांनी कप पूर्ण रिकामा केला. चष्मा डबीतून परत काढला, वही मागितली, एकच शब्द लिहिला आणि उभं राहून, नियमाप्रमाणे, मोठ्यानं वाचला.

"छान."