टिटवीनं दिलेलं उत्तर

पाखरं बघणारा म्हटल्यावर तुमी हॅटवाला सायेब डोळ्यापुढं आणला असंल. ह्यो निघाला एसटीचा कंडक्टर. अंगात खाकी, आन् दुर्बिणीला पट्टा सायकलच्या ट्यूबचा.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी हटलं, की उघड्या गाळात आमी पेरतो. मी सकाळी ट्रॅक्टर घेऊन गेलो, तर हा आडवा.

"थांबा राव. हितं टिटवीची अंडी हायती. ढेकळासारखीच दिसत्यात, पहाटंपासनं घावंनात."

मी ट्रॅक्टर बंद केला आन् टिटवीचा आवाज काढला. ह्याच गळ्यानं मास्तरांचा आवाज काढून मार खाल्लेला. दहा पावलांवरनं खरी टिटवी उठली, माझ्यावरच ओरडत. तितंच चार अंडी.

त्यानं पेन्सिल जिभंला लावून वहीत टिपलं. मग हळूच म्हणाला, "इतकी वर्षं ऐकतोय, पण मला एकबी पाखरू कधी उलटून बोललं न्हाय."

तेवढा तुकडा सोडून मी नांगरलं. रान सोडलं म्हणून घरी आबा झापणार, हे ठरलेलंच. झापलंच.

"येड्या, अंडी उघडी टाकून आलास? कुत्री ठेवत्यात व्हय? जा, भवतीनं बाभळीच्या काट्या लाव. आन् तिला आत जायला वाट ठेव."