अर्ध्यावर चढवलेला घोडा

दसऱ्याच्या झेंडूत फटाक्यांच्या दारूचा वास मिसळला, की मोताळ्यातली ती सकाळ आठवते. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. महाराष्ट्र नवा होता. माझा मित्र बापू याच्या घरी मात्र पेशवाई सुरूच होती. शस्त्रपूजेसाठी त्याच्या पणजोबांचं गारगोटीच्या ठिणगीनं उडणारं पिस्तूल निघालं. बापूनं त्यात नुसती दारू भरली, गारगोटी धरलेला घोडा अर्धाच मागे चढवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "इथं खाच असते. घोडा अर्ध्यावर असला का चाप ओढला तरी बार उडत नाही. धर बे मास्तर, दाखव त्यायले."

मी चाप ओढला. खाच झिजलेली होती. बार उडाला आणि तसबिरीतल्या पणजोबांच्या पांढऱ्या मिशा काळ्या झाल्या.

बापूचे वडील आतून धावत आले. "कोनं केलं बे हे?"

"म्या नाही म्हनलं होतं, बाबा. ह्या मास्तरनं आयकलंच नाही."

सगळं ऐकलेले पाहुणे झेंडू न्याहाळत राहिले.

पुष्कळ वर्षं ते खोटं टोचत होतं. आता त्याच्या आधीचा क्षण जास्त टोचतो. खाचेवर एवढा भरवसा होता, तर चाप त्यानं स्वतः का ओढला नाही? पिस्तूल हाती आलं, तेव्हा मला तो मान वाटला होता.