फळ्यांमधली फट

उत्तरेश्वरला चहा दिला तरी तो आधी वास घ्यायचा. मला त्यात वावगं वाटत नाही, कारण मीही तसलाच. माजलगावच्या धरणात आमच्या जमिनी गेल्या आणि नांगर धरणाऱ्या माणसांची होडीवाली सहकारी संस्था झाली. अशा गावात भोळं राहून भागत नाही. पण उत्तरेश्वरचा संशय पोटापाण्याचा होता. मुंबईच्या बंदरात तो बुडालेल्या जहाजांवर उतरायचा. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि गढूळ पाण्यात चाचपडत लोखंडी पत्रा कुठे फाटलाय ते शोधायचं.

"बुडालेल्या जहाजाचं कायबी खरं धरू नका," तो सांगायचा. "जिना दिसतो, पाय ठेवला की खाली बसतो." ते काम सुटल्यावर तो गावी परतला आणि विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढून देऊ लागला.

त्याची थोरली बहीण छबुबाई गावातच दिलेली. तिचा नवरा त्रिंबक संस्थेची लाकडी लाँच चालवायचा. दोन हजार बाराच्या दुष्काळात धरण आटलं आणि लाँच कितीतरी महिने कोरड्या गाळावर उन्हात पडून राहिली. नवरा-बायको ऊसतोडीला गेले. ती माघारी यायच्या आतच चेअरमन सुंदररावांनी लाँचीला बाहेरून डांबर फासून घेतलं. पुढारी येणार होते, नारळ फुटायचा होता.

पाऊस झाला, पाणी चढलं, नारळ फुटला. आणि दुसऱ्याच फेरीला रामहरीची बैलजोडी अन् खताची पोती घेऊन निघालेली लाँच मधोमध जाऊन इंजिनासकट बसली. माणसं पोहून निघाली. बैल दाव्याला बांधलेले, ते गेले. त्रिंबक काठावर एवढंच म्हणत होता, "पाणी खालून आल्तं. खालून आल्तं पाणी."

दिवस मावळायच्या आत गावानं निकाल लावला. पलीकडच्या काठाला मोहनरावांची खाजगी होडी चालायची. त्यांनी त्रिंबकला फितवलं आणि त्यानं लाँच मुद्दाम कलती करून बुडवली, असं जो तो बोलू लागला.

संस्थेच्या बैठकीत सुंदरराव म्हणाले, "त्याचा मेव्हणाच पाणबुड्या हाय. उतरू द्या त्याला. फट घावली तर त्रिंबक खरा." एवढा उदारपणा कशापायी, म्हणून माझे कान टवकारले. पण बोलायचं काय?

मुंबईहून भरलेली टाकी यायला महिना गेला. उत्तरेश्वर उतरला तेव्हा सगळं गाव काठावर होतं. पाण्यावर बुडबुडे येत होते आणि छबुबाई पदर तोंडात धरून त्यांच्याकडे बघत होती. तो वर आला, तोंडातली नळी काढली आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "फळीला फळी चिकटलेली हाय. नख जात न्हाई. भोक बी न्हाई."

मला त्याचा भयंकर राग आला. खोटं बोलला असता तर पाण्याखाली जाऊन कोण बघणार होतं? गावाला मात्र त्यातही काळंबेरं दिसलं. सख्ख्या दाजीच्या उलटं बोलतो म्हणजे यालाही कुणीतरी काही चारलं असणार. छबुबाईनं भावाला दार बंद केलं. संस्थेनं त्रिंबकला काढलं. तोडीच्या टोळीतसुद्धा लोक त्याला 'बैलबुडव्या' म्हणायचे. हळूहळू त्यानं पाणी खालून आल्याचं सांगणंच सोडलं. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "कुणाला ठावं. माज्याच हातून काय झालं आसंल."

उत्तरेश्वरला चैन पडेना. दर उन्हाळ्यात तो टाकी मागवून एकटाच उतरायचा. लाँच कुजत चालली होती. खिळे गंजले, आत गाळ भरत गेला. एका वर्षी वरचा टपच अंगावर कोसळला. टाकीचा पट्टा कापून तो कसाबसा वर आला. "फळ्या तशाच चिकटलेल्या हायत," तो खोकत म्हणाला, "पर दाजी खोटं बोलणारा माणूस न्हाई. मंग लबाड कोण? लाँचच लबाड हाय."

सोळाच्या उन्हाळ्यात धरण पुन्हा आटलं आणि लाँच आपोआप उघडी पडली. दोन-तीन आठवडे ऊन खाल्ल्यावर आम्ही दोघे तिथे गेलो. लांबूनच फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. उत्तरेश्वरनं एका फटीत बोटं घातली, ती मुळापर्यंत आत गेली.

"चाक," तो म्हणाला.

"कसलं चाक?"

"गाडीचं चाक, बे! उन्हाळ्यात लाकूड आटून वरची लोखंडी धाव ढिली झाली की आपण काय करतो? नदीत भिजत घालतो. लाकूड फुगतं, धाव घट्ट बसते. मी उतरलो तवर ही महिनाभर भिजली होती. मी आपला लोखंडाचा हिशेब धरला. लोखंडाचं भोक मिटत न्हाई."

गाडीवानाच्या पोटी जन्मून हे त्याला सुचलं नाही. आम्हां कुणालाच सुचलं नाही, हे जास्त लागलं.

सुंदरराव आले, गाव आलं. सुंदरराव हसले. "आता उन्हानं फाकली. बुडाली तवा फट न्हवती, हे तूच म्हणला व्हतास."

उत्तरेश्वरनं फावडं घेतलं. तो लाँचीच्या आतला वाळला गाळ उपसू लागला. तळ उघडा झाला तेव्हा आतल्या बाजूनं, प्रत्येक फटीखाली, डांबराचे लांब ओघळ दिसले. बाहेरून फासलेलं डांबर फटींतून आत गळालं होतं. म्हणजे डांबर फासलं त्या दिवशीच लाँच फाकलेली होती. सुंदरराव चष्मा पुसत राहिले. पोचट माणूस, माफीसुद्धा मागितली नाही.

गर्दीच्या मागे त्रिंबक उभा होता. छबुबाईनं त्याचा दंड धरून त्याला पुढे आणलं. त्यानं वाकून एका ओघळावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. बराच वेळ फिरवलं. मग बायकोकडे वळून, परक्याला विचारावं तसं त्यानं विचारलं,

"म्हंजे पाणी खालूनच आल्तं?"