धुतलेल्या गल्लीतली होडी

तुफानमावशीचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नाही, नवऱ्यालासुद्धा क्षणभर विचार करावा लागतो. ती चालत नाही, सुटते! बोलत नाही, कोसळते! तिच्यासाठी दार कुणाला उघडावं लागत नाही, दार स्वतःच घाबरून उघडतं. आणि हे सगळं खरं तुफान यायच्या कितीतरी आधीपासून बरं का. म्हणून तर खरं तुफान आलं, समुद्र अख्खाच्या अख्खा उठून वस्तीत शिरला, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, सगळी गल्ली वरच्या मजल्यांवर जीव मुठीत धरून बसली, तेव्हाही सलूनवाला म्हणालाच, "मावशी, तुझी जुळी बहीण आलीये वाटतं भेटायला!"

मावशीला हसू आलं नाही. तिचा जीव खाली धक्क्यावर टांगलेला होता, होडीपाशी.

लाकडी होडी, तिच्या वडिलांची. दोघा भावांनी समुद्राला पाठ दाखवून नोकऱ्या धरल्या, आणि हिला आईने जरा शांत व्हावी म्हणून शिवणाच्या क्लासला घातलं. शांत कसली होतेय! तिथे टाके शिकली ते जाळी दुरुस्त करायला वापरले, आणि येताना क्लासवाल्या मास्तरांचा मुलगाच घेऊन आली. "शिवण शिकायला पाठवली, तर शिंपीच उचलून आणला हिने," असं तिची आई ज्याला त्याला सांगायची आणि सांगताना हसत सुटायची. तो शिंपी म्हणजेच आताचे मावशीचे 'अहो'. बारीक, शांत माणूस, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे भांडणात उत्तर देता येत नाही. लोक म्हणतात, त्या टाचण्या ते मुद्दामच धरतात.

घर दोघांनी चालवलं, पण मुलीचं शिक्षण, छप्पर, सासूचं आजारपण, सगळं त्या होडीने ओढलं. सासू गेली त्या आठवड्यातसुद्धा मावशी पहाटे समुद्रावर होती. रडायचं ते तिकडेच रडून आली.

तर पाणी ओसरलं, आणि होडी कुठे? गल्लीत! औषधाच्या दुकानासमोर ऐटीत बसलेली, नाक सलूनच्या पाटीला टेकवून, जणू दाढी करायला नंबर लावलाय. आणि फळी एकही फुटली नव्हती! एकही नाही! रंग खरवडला गेला, नाव-नंबर पुसला गेला, इंजिनात पाणी गेलं म्हणून ते मिस्त्रीने उतरवून नेलं, पण होडी शाबूत. मावशी चिखल तुडवत धावली, होडीच्या पोटाला दोन्ही हात लावले, कान लावला, आणि अशी रडली, अशी रडली की सलूनवालाही तिच्यासोबत रडायला लागला. त्याची तर फक्त खुर्ची वाहून गेली होती.

धक्क्यावर मात्र बघवत नव्हतं. होड्या एकमेकींवर चढलेल्या, डोलकाठ्या काड्यांसारख्या मोडलेल्या. लंबूची होडी मधोमध फुटली होती, अर्धी सापडली, अर्धी नाहीच. लंबू म्हणजे मावशीचा धक्क्यावरचा शेजारी आणि पक्का वैरी. होडी बांधायच्या जागेवरून दोघं इतकी वर्षं भांडली की भांडण झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटायचं. आता तो त्या अर्ध्या होडीशेजारी नुसता बसून असायचा.

आणि मग आली लाल फुली.

रस्ते मोकळे करणाऱ्या माणसांनी सकाळी सकाळी होडीच्या पोटावर रंगाने फुली मारली. फुली म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी मशीन येणार, पंजा घालणार, तुकडे करून ट्रकमध्ये भरणार! मावशी अर्धा चहा टाकून मुकादमावर धावून गेली.

"ही कचरा दिसते तुम्हाला? जिवंत होडी आहे ही!"

"मला दिसतंय मावशी," मुकादम म्हणाला. बिचाऱ्याचे डोळे जागरणाने सुजले होते. "पण अँब्युलन्सला हीच गल्ली आहे. क्रेन मोठ्या जहाजांमागे अडकलीये. आज संध्याकाळपर्यंत हलवा, मी स्वतः फुली पुसतो. नाहीतर उद्या सकाळी माझाही नाइलाज."

संध्याकाळ! तसाही मावशीकडे संध्याकाळपर्यंतच वेळ होता. धक्क्याचा उतार खालून वाहून गेला होता, आणि जो काही वर उरला होता तिथपर्यंत पाणी पोचणार ते आजच्याच भरतीला. उद्यापासून भरती कमी कमी होत जाणार. म्हणजे आज होडी पाण्यात, नाहीतर उद्या ट्रकमध्ये. मधलं काही नाही.

पण मावशी घाबरली का? छे! तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. वाहून आलेला चिखल! तिचे वडील ओहोटीत होडी चिखलावरूनच ओढायचे, ओंडके नको, चाकं नको. ओला चिखल म्हणजे होडीवाल्यांचं फुकटचं तेल. आणि इथे तर समुद्राने औषधाच्या दुकानापासून थेट धक्क्यापर्यंत, उतारावर, मस्त ओला चिखल अंथरूनच ठेवला होता! फक्त दोर पाहिजेत आणि हात पाहिजेत. "आज संध्याकाळी होडी नेतेय गं!" एवढंच ओरडून मावशी सुटली. कशी नेणार, काय करणार, कुणाला काही सांगायचं असतं हे तिच्या गावीच नव्हतं.

पहिली गेली लंबूकडे.

"दोर दे तुझे."

लंबूने मान वर केली नाही.

"ऐकू येत नाही का? दोर दे म्हटलं. मागून घेतेय, चोरून नेत नाहीये."

लंबू उठला, आत गेला, आणि होते नव्हते तेवढे दोर तिच्या पायाशी आणून टाकले. "घेऊन जा सगळे. मी काय बांधणार आता?"

मावशीने वाकून दोर गोळा केले. मग म्हणाली, "नुसते दोर काय करू? ओढताना हाक कोण देणार? माझा आवाज ऐकून माणसं ओढत नाहीत, पळून जातात." आणि उत्तराची वाट न बघता दोर खांद्यावर टाकून पुढच्या माणसाकडे.

आता इकडे गल्लीत काय झालं बघा. मावशीची धाकटी नणंद समोरच राहते. तिच्या घरात धूळसुद्धा चपला काढून येते, इतकी स्वच्छता. वहिनीच्या अंगाला माशांचा वास येतो असं ती एकदा बोलून गेली होती, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे कामापुरतं. पण त्या दिवशी वहिनीला होडीपाशी रडताना तिने खिडकीतून बघितलं होतं, आणि तिला राहवेना. वहिनी होडी नेणार आहे ना? मग रस्ता नको का चांगला? हिने पदर खोचला आणि दारोदार फिरली. औषधवाला, सलूनवाला, बेकरीवाला, सगळ्यांना बाहेर काढलं! फावडी, झाडू, खराटे, बादल्या! विटा उचलल्या, पत्रे उचलले, आणि चिखल? चिखल तर असा खरवडला, असा खरवडला, की शेवटी वर पाणी मारून झाडूने घासून काढला. उन्हात रस्ता चकचकीत सुकला. तुफानाच्या आधीही ती गल्ली इतकी स्वच्छ नव्हती, शपथ!

दुपार कलली तेव्हा मावशी माणसं घेऊन परतली, गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. मागचे सगळे तिच्यावर आदळले.

"वहिनी!" नणंद घामाने निथळत, झाडू हातात घेऊन धावत आली. "बघ! आता लागू दे कुठे तुझ्या होडीला काही!"

"चिखल कुठाय?" मावशीचा आवाज एकदम बारीक झाला.

"काढला की! सगळा!"

"काढला?" आणि मग मावशी फुटली. "अगं कुणी सांगितलं होतं तुला? त्या चिखलावरून घसरत जाणार होती ती! आता या कोरड्या डांबरावरून काय तुझ्या डोक्यावर ठेवून नेऊ? तुझ्या स्वच्छतेने मारलं मला, तुफानाने नव्हतं मारलं ते तू मारलंस!"

तरी सगळ्यांनी एकदा जोर लावून बघितला. होडी खर्रर्र करून वीतभर सरकली आणि तळाच्या लाकडाचा भुसा निघाला. बस्स. नणंद झाडू हातात धरून उभी. भरतीचं पाणी चढत होतं, त्याचा आवाज गल्लीपर्यंत येत होता.

तेवढ्यात अहोंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एक एक करून काढल्या आणि शर्टाला टोचल्या. सगळी गल्ली बघायला लागली.

"चिखल टाकलाय कुठे?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"बेकरीच्या मागे," ती कशीबशी म्हणाली.

"मग परत आणू. आहे काय त्यात?"

बेकरीवाला कपाळावर हात मारून ओरडला, "अरे देवा, दिवसभर काढला तो दिवस उतरायच्या आत परत घालायचा?"

"घालायचा!" नणंद म्हणाली. डोळे पुसले, झाडू फेकला, बेकरीमागे धावली, आणि घमेलं भरून आणून पहिला चिखल ओतला तो स्वतःच्या घासलेल्या दारासमोर. पच्च! "बघता काय? आणा!"

आणि मग जी धमाल उडाली! घमेली, बादल्या, सलूनवाल्याची पाण्याची टाकी, औषधवाल्याचे खोके, जे हाताला लागेल ते! एक रांग चिखल आणतेय, दुसरी धक्क्यावरून पाणी आणून ओततेय, कोण घसरतंय, कोण दुसऱ्याला धरून दोघं घसरतायत! "जाड थर टाका!" मावशी ओरडतेय. "कंजूषपणा करू नका, चिखल आहे, केशर नाही!" नणंद गुडघ्यापर्यंत माखलेली, आणि तिच्याकडे बघून मावशी हळूच म्हणाली, "आता तुला कसला वास येतोय गं?" नणंद म्हणाली, "तुझाच!" आणि दोघी हसत सुटल्या.

पुढे-मागे दोर बांधले, सगळे उभे राहिले, आणि मागून आवाज आला, "हो… ओढ!"

लंबू! कधी आला, कुणी बघितलं नव्हतं. "हो… ओढ! अरे जेवलात का नाही? हो… ओढ!"

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला काही नाही. तिसरीला चिखल पचकला, आणि होडी हलली! सलूनची पाटी टर्रकन निघाली ती निघालीच, कोण बघतंय! होडी चालायला लागली, मग पळायला लागली, आणि उतारावर तर अशी सुटली की ओढणारे समोरून दोर टाकून बाजूला उडाले. "धरा! धरा!" नाक थेट बेकरीच्या भिंतीकडे! लंबूने मागचा दोर उचलला, वाकलेल्या विजेच्या खांबाला वेढा मारला आणि अख्ख्या अंगाने मागे झोकून दिलं. दोर करकरला. होडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली, हळूच वळली, आणि धक्क्याकडे तोंड करून उभी राहिली.

"सोड आता," मावशी म्हणाली, "हळू सोड, लंबू."

त्याने हळूहळू दोर सोडला. होडी उतारावरून खाली गेली आणि पाण्याने तिला उचललं. उचललं! सगळी गल्ली ओरडली, नाचली, कुणी कुणाला मिठी मारली काही कळलं नाही. मावशी कमरेपर्यंत पाण्यात शिरून होडीत चढली.

आत पाणी येत होतं. उन्हात फळ्या सुकल्या होत्या, फटी पडल्या होत्या. "पिऊ दे तिला!" मावशी डब्याने पाणी उपसत हसत होती. "लाकूड फुगलं की फटी बंद होतात. अहो, या, डबा धरा!" आणि अहो खरंच चढले, शर्टावरच्या टाचण्या सांभाळत.

लंबू काठावर होडी धरून उभा होता.

"इंजिन आलं की पहाटे ये," मावशी उपसता उपसता म्हणाली. "मला एकटीला जमत नाही."

"तुला जमत नाही? तुला?"

"ये म्हटलं तर यायचं. जास्त बोलायचं नाही."

लंबू काही बोलणार तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून एक माणूस धापा टाकत आला, त्याच्या हातभर मागे त्याची बायको. "आमच्या होडीवरपण फुली आहे! पाणी अजून किती वेळ राहील?"

लंबूने उताराकडे बघितलं. पाणी अजून वर चढत होतं. "आहे वेळ. चला!"

मावशीने डबा नवऱ्याच्या हातात कोंबला आणि पाण्यात उडी मारली. पण नणंद तिच्याही पुढे, चिखलाचं घमेलं कमरेवर घेऊन, शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलीसुद्धा होती, आणि तिथे झाडायला निघालेल्या बायकांवर जिवाच्या आकांताने ओरडत होती, "ए! ए! झाडू खाली ठेवा आधी!"