डबा आल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही

गोंदियाच्या फलाटावर बाबांनी माझ्या हातात चिन्नोर तांदळाची पिशवी दिली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुण्याले जाऊन राहिली त जा. पण पाहाचं तेवढं पाहा, उचलाचं काही नोको!" समोरच्या बाकावरच्या बाईनं लगेच आपली पर्स मांडीवर घेतली. मी इंजिनिअर होऊन नोकरीला चालले होते आणि माझा बाप मला चोर ठरवून निरोप देत होता. आई खिडकीशी रडत होती की हसत होती, ते मला अजून कळलेलं नाही.

गावाकडच्या मंडळींनो, या वाक्यामागची भानगड तुम्हाला पाठ आहे. माझ्यासारख्या बाहेर पळालेल्यांसाठी सांगते. आमचं गाव आमगावजवळ. धानाला तलावाचं पाणी पाळीनं मिळायचं. ज्याची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, भरली, त्यानं पुढच्याच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, खुंटीला एक जुना तेलाचा डबा अडकवायचा. डबा दिसला की पुढच्यानं पाणी वळवायचं. डबा आल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, हा कायदा. आठवीत असताना शाळेतून येता येता मला सोमाजी काकांच्या खुंटीला तो डबा दिसला. आत काय असेल म्हणून काढला, पाहिला आणि सायकलला अडकवून घरी आणला.

पाणी सोमाजी काकांच्या डोळ्यांसमोरून नाल्यात वाहून गेलं. बाबांनी विचारलं, "काऊन गा सोमाजी, पाणी काऊन नाही घेतलं?" काका म्हणाले, "डबा कुठी आला?" संध्याकाळपर्यंत हा भला माणूस धुऱ्यावर बसून होता! "मी फक्त पाहत होते," हे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. बाबांचं ते वाक्य तेव्हापासूनचं.

पुण्यात मला औषधांच्या गोदामाच्या कामावर घेतलं. तिथलं कॉम्प्युटरचं मशीन माझ्याहून वयानं मोठं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, पण कामाला वाघ. एक प्रोग्राम ऑर्डर घेतो आणि तिची चिठ्ठी एका रांगेत टाकतो. त्या रांगेला डेटा क्यू म्हणतात. दुसऱ्या टोकाला माल पाठवणारा प्रोग्राम चिठ्ठी उचलतो आणि कामाला लागतो. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. चिठ्ठी नसेल तर दुसरा वाट बघतो. किती वेळ बघायची, त्या जागी उणे एक लिहिलं होतं. म्हणजे येईपर्यंत.

नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि मला रांगेत काय असतं ते बघायची हौस आली. छोटा प्रोग्राम लिहिला आणि चालवला, तोही थेट खऱ्या रांगेवर! पडद्यावर सतरा चिठ्ठ्या आल्या. कौतुकानं पाहिल्या आणि चहाला गेले. परत येते तर गोदामातून फोन. "मॅडम, काही येतच नाहीये. ड्रायव्हर लोक कॅरम खेळताहेत." मशीनवर एरर नाही, तक्रार नाही. माल पाठवणारा प्रोग्राम अगदी धडधाकट, नुसता बसलेला. वाचलेली चिठ्ठी रांगेतून निघून जाते, हे मला माहीतच नव्हतं.

बाप्पा! हा तर सोमाजी काका!

नोकरी गेली तर कोणत्या तोंडानं गावात जाऊ? गप्प बसावंसं फार वाटलं. पण आठवीतही संध्याकाळपर्यंत गप्प बसले होते आणि काकांचं धान वाळलं होतं. साहेबांकडे गेले आणि डबा, धुरा, काका सगळं एका दमात सांगितलं. साहेब पक्के पुण्याचे. शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं. औषधं कुठायत?" चिठ्ठ्या नशिबानं माझ्या पडद्यावरच होत्या. त्याच क्रमानं परत टाकल्या आणि गोदाम हललं. मग साहेबांनी दाखवलं की चिठ्ठी न उचलता नुसती पाहायचीही सोय असते. हेच बाबांनी फलाटावर फुकटात सांगितलं होतं.

नोकरी वाचली, पण प्रायश्चित्त म्हणून तीन रविवार टेस्टिंगला बसवलं. घरी फोन करायचा माझा वार रविवार, सकाळी दहा. तो राहूनच गेला. चौथ्या रविवारी सकाळीच शेजारणीच्या मोबाईलवरून आईचा फोन आला. "काऊन वो, जिवंत हायेस ना? तुझे बाबा तीन इतवार मोबाईल मांडीवर घेऊन बसून राहिले. मले हात लावू देत नाहीत, लाइन बिझी होते म्हणतात. म्या म्हटलं, तुमीच लावा. त म्हणतात, फोनची पाळी पोरीची हाये."

मी आधी खूप हसले आणि मग खूप रडले. चिन्नोर आता पुण्यात ऑनलाइन मिळतो. मिसळ आवडायला लागली आहे, "अगं बाई" म्हणायलाही शिकले आहे. पण माझ्या फोनची वाट बघत, घड्याळाकडे न बघता माझा बाप जिथं बसून राहतो, तेच माझं घर.

ठीक दहाला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"बोल," बाबा म्हणाले. "डबा आला."