जमिनीखालची नोकरी

सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि शनिवारी दुपारी मी किल्लारीच्या घरी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आई पत्र्याच्या शेडमध्ये शेंगा फोडत बसली होती. शेजारी पक्कं घर उभं आहे, पण ती जेवते, बसते, झोपते ती त्या शेडमध्येच. भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरावर स्लॅब आहे, आणि डोक्यावर जड काही असलं की तिचा डोळा लागत नाही. मी भूकंपानंतर जन्मले. जुन्या गावातलं आमचं दगडी भिंतींचं, मातीच्या माळवदाचं घर कोसळलं आणि आईला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, एवढंच मला ठाऊक. त्यापुढचं तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि मला नोकरी मिळत होती ती जमिनीखाली.

नांदेडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. पण जीव अडकलाय तो डार्क मॅटरमध्ये. आकाशगंगा इतक्या वेगानं फिरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. त्या कधीच विखरून जायला हव्या होत्या. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. ते तुमच्या-माझ्या अंगातूनही आरपार जात असावं. त्याचा एखादा कण कधीतरी एखाद्या अणूच्या गाभ्यावर आपटेल, या आशेवर जगभर माणसं खाणींच्या तळाशी यंत्रं मांडून बसली आहेत. यंत्रं मोठी होत गेली, कण काही सापडला नाही. अमुक वजनाचा नाही, तमुक जोरानं धडकणारा नाही, एवढंच दर वेळी कळतं. आता आणखी हलक्या कणांच्या मागे लागायचं म्हणतात, आणि तिथंही तो भेटेलच याची हमी कुणी देत नाही. अशाच एका खाणीत मला दोन वर्षांचं काम मिळत होतं. खरं सांगायचं तर धास्ती मलाही होती. दोन वर्षं खाली काढायची, रिकाम्या हातानं वर यायचं, आणि तोवर नांदेडच्या तासिकाही दुसऱ्या कुणाला गेलेल्या.

"कोणतीबी नोकरी कर," आई मान वर न करता म्हणाली. "जमिनीखालची नको."

"माय, तिथं काही होत न्हाई. माणसं रोज उतरतेत, रोज वर येतेत."

"आमीबी रोज घरातच झोपत होतो."

मी तरातरा फाटकापर्यंत गेले, उगाच मोबाईल पाहिला, परत आले. आईचा राग नव्हता आला. तिच्या अंगावर जो दगड पडला होता तोच मला डोक्यावर हवा होता, आणि हे तिला सांगायचं कसं, या विचारानं माझं डोकं फिरलं होतं. शेवटी चिडून बोललेच.

"दगड पायजेच तिथं वरती. आभाळातून बारीक कण सारखे पडून राहिलेत, त्यांचाच यंत्रात गोंगाट होतो. डोंगराएवढा दगड वर असला की गोंगाट थांबतो. मग कुठं एखादा ठोका पडला तर ऐकू येईल. त्याच्यासाठी जायचं खाली, हौस म्हणून न्हाई."

आईचे हात थांबले.

"ठोका?"

"हाव. लई बारीक."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. आईनं तिचा धडधडाट पार संपू दिला. मग बोलू लागली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा साध्या आवाजात.

"मी आत होते तवा वरून माणसं चालायची, ते मला कळायचं. वरडले तर तोंडात माती गेली. मग हाताला तांब्या लागला. त्यानं दगडावर ठोकत राहिले. कुणाला ऐकूच येईना. वर सगळे रडून राहिलेले, हाका मारून राहिलेले. मग कोण की एक माणूस वरडला, समदे गप बसा म्हणून. रडणाऱ्यालाबी गप केलं त्यानं. तवा ऐकू आलं."

मी तिच्यासमोर खाली बसले. मला रडू आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही. ती मात्र माझ्याकडे न बघता सुपातली टरफलं बाजूला सारत होती.

"तुज्या त्या खाणीत असंच गप बसून ऐकतेत का?"

"तेच करतेत."

"मग जा."

परवानगी मिळाली, आता उठून फोन लावायला हवा होता. पण मी तिथंच बसून राहिले. सकाळपासून जे मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते, ते तिलाच विचारलं.

"आणि काहीच ऐकू आलं न्हाई तर, माय?"

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"लगेच उठून येऊ नको," ती म्हणाली. "तो माणूस यायच्या आधी लोक दोनदा माझ्यावरून चालत गेले व्हते, इथं कुणी न्हाई म्हणून."