केशरबाईने गाणं पडू दिलं नाही

दिवा आणि डोंबिवली यांच्या मधे खाडीकाठी आमचं कोळ्यांचं गाव आहे. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि माणसं पाण्याच्या वेळा धरून जगतात. केशरबाई याच गावची. काय आवडून घ्यायचं आणि काय नाही, हे तिने आयुष्यभर कोणाला विचारलं नाही.

तिची कामं दोन. एक, डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. नवरा विश्राम होडीतून तिला रेतीबंदरावर सोडायचा, तिथून डोक्यावर पाटी घेऊन ती चालत बाजारात जायची. कोळंबी, बोईट, निवट्या, थंडीत चिंबोऱ्या. दुसरं काम तिच्या आईकडून आणि आजीकडून आलेलं. ती धवलारीण होती. आमच्यात जुन्या रीतीने लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यावर. हळद तिने गाऊन लावायची, देव तिने गाऊन बोलवायचे, नवरीचं नाव, तिच्या बापाचं घर, दारातलं झाड, सगळं तिने त्या गाण्यात ओवायचं. त्या गाण्याला म्हणायचं धवला. कागदावर एकही ओळ नाही. सगळं केशरबाईच्या गळ्यात.

या कामाचा एक कडक नेम तिच्या आईने तिला लहानपणी घालून दिला होता. एकदा उचललेला धवला मधे पडू द्यायचा नाही. गाणारीचा दम तुटला तर शेजारणीने उचलायचा, शेजारणीला येत नसेल तर दारातल्या बाईने, पण तो शेवटापर्यंत गेलाच पाहिजे. अर्धा पडलेला धवला म्हणजे अर्धं राहिलेलं लग्न.

अठ्ठ्याऐंशी साली ती पंचेचाळीस वर्षांची होती. बाजारामागे बर्फाचं एक जुनं गोदाम होतं, जाड भिंतींचं, भिंतींच्या पोटात लाकडाचा भुसा भरलेला. अर्ध्या भागात बर्फ विकायचे, अर्धा रिकामा पडलेला. एका दुपारी ती बर्फ आणायला गेली आणि तिला पायाखालची जमीन थरथरताना जाणवली. आवाज बाहेर फारसा येत नव्हता, पण फरशीतून येत होता. तिने आतलं दार ढकललं. चार पोरं होती. तिघांच्या गळ्यात गिटारी, चौथा ड्रमच्या मागे घामाघूम. तिला बघून चौघंही थांबले.

"त्रास होतोय का, मावशी?" ड्रमवाल्याने विचारलं. तो आनंद, कल्याणजवळच्या मोहने गावचा. बाप तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात, आई बुद्धविहारातल्या महिला मंडळाची पुढारी.

"थांबलास कशाला? गाणा अर्धा राहिला."

"आवडला का?"

"त्या मागून बघू. आधी पुरा कर."

त्यांनी पुरा केला. केशरबाई बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून बसून राहिली.

"कंच्या सिनेमाचा हाय?"

"सिनेमाचा नाय, मावशी. आम्हीच रचलेला. आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवत नाही."

"मंग याच्यात नाव कोणाचा?"

"नाव कोणाचं नाही. कारखान्याच्या भोंग्यावर आहे."

"भोंगा कोणाला बोलवतो?"

बाकीची पोरं आनंदकडे बघून हसली. पुढच्या आठवड्यात त्या गाण्यात एक ओळ वाढली होती आणि तिच्यात आनंदच्या बापाचं नाव होतं, गोविंदा. केशरबाईने ऐकलं आणि मान हलवली. "आता बसला जागेवर."

त्या दिवसापासून ती त्यांची झाली. पोरांनी आपल्या बँडला बर्फखाना हेच नाव दिलं. कॉलेजांच्या गॅदरिंगमधे, ठाण्याच्या उघड्या रंगमंचावर, डोंबिवलीच्या एका शाळेच्या हॉलमधे, बर्फखाना जिथे वाजवेल तिथे ती पहिल्या रांगेत. नऊवारी काष्टा, आंबाड्यात अबोली, मांडीवर रिकामी पाटी. मासळीच्या वासाने आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. ती म्हणायची, मना ऐसपैस बसायला भेटता. एकदा ठाण्यात दारावरच्या पोराने तिला अडवलं.

"आजी, इकडे रॉक आहे. भजन शेजारच्या हॉलमधे."

"भजनाला तू जा," ती म्हणाली, "तुला गरज दिसते." आणि आत गेली.

कोणी समजेल की बाईला एवढंच एक वेड होतं. तसं नव्हतं. अर्धं काही आवडणं तिला ठाऊकच नव्हतं. कबड्डीचा सामना असला की ती खाडीपलीकडच्या गावात जाऊन मैदानाच्या चुन्यावर बसायची आणि पंचाला शिव्या द्यायची. क्रिकेटचं धावतं वर्णन ट्रान्झिस्टर कोळंबीच्या पाटीत ठेवून ऐकायची, आणि गिऱ्हाईक घाईत असलं तरी ओव्हर संपल्याशिवाय तराजू उचलायची नाही. सर्कस कल्याणला आली की तिन्ही खेळ बघायची. गोटीचा सोडा तिला एकाच गाड्यावरचा लागायचा, आणि तो गाडीवाला गावी गेला तर ती महिनाभर पाणी प्यायची. बाजारातल्या बायका विचारायच्या, बाय, या वयात कसला गो सोस? ती म्हणायची, वय पाटीत ठेवून येते, आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

एक्याण्णवच्या हिवाळ्यात कल्याणच्या एका कॉलेजच्या मैदानावर भर दुपारी बर्फखान्याचा कार्यक्रम होता. हजारभर पोरं जमली होती. भोंग्याचं गाणं अगदी मध्यावर आलं आणि वीज गेली. गिटारी मुक्या झाल्या. माईक मेला. आनंदने दोन-चार ठोके एकट्याने मारले आणि ओशाळून हात खाली घेतले. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

केशरबाईच्या लेखी गाणं पडत होतं. ते कोणाचं, कुठल्या भाषेतलं, हा विचार तिच्या मनात आला नाही. ती उठली, पाटी काखेत मारली, लाकडी पायऱ्या चढून मंचावर गेली आणि आनंदला म्हणाली, "हात नको थांबवू." मग तिने उचललं. भोंग्याचं गाणं तिला येत नव्हतं, त्यातले इंग्रजी शब्द तिच्या जिभेवर बसत नव्हते. येत होतं तेच तिने उचललं, हळदीचा धवला.

*ये गो खाडीमाय, ये हळदीला,*
*भरतीचं पाणी घे कळशीला...*

बाजारात चाळीस बायकांच्या वर चढणारा तो आवाज. माईकवाचून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आनंदने तिची चाल पकडली. शिट्ट्या थांबल्या. वीज येईपर्यंत ती गात होती, आणि आली तेव्हा गिटारी तिच्या मागून शिरल्या, भोंगा आणि हळद एकमेकांत मिसळली, आणि गाणं शेवटाला गेलं. मग ती खाली उतरून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पोरं उभी राहून ओरडत होती. ती पदराने तोंड पुसत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोटो एका वर्तमानपत्राच्या कल्याण-डोंबिवलीच्या पानावर आला. काखेत पाटी, तोंड उघडं, मागे ड्रम. तो कागद गावात पोचायला दोन भरत्या लागल्या.

गावचा कारभार तेव्हा दामाजी पाटलाकडे होता. माणूस वाईट नव्हता. गावदेवीच्या देवळापुढे त्याने बैठक बोलावली आणि केशरबाईला समोर उभं केलं.

"केशर, यो धवला कशाचा हाय?"

"हळदीचा."

"हळद कोणाची होती?"

"कोणाची नाय."

"मंग देव बोलावलेस कोणाच्या दारात? नवरी नाय, मांडव नाय. देव येऊन उभे राहिले आन् समोर कोण, कुठची कोणाची पोरा ढोल बडवतायत."

"कोणाची ती सांगते. मोहन्याच्या गोविंदाचा आनंद. माझ्या ओट्यावर बसून माझ्या ताटातला जेवतो. देव आले असले तर गाणा आयकूनच गेले असतील. आल्या पावली गेले असा मना कोणी सांगितला नाय."

बायकांत कोणीतरी हसलं. दामाजीने तिकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"नारळ ठेव देवीपुढे," तो म्हणाला. "आन् बोल, पुन्हा त्या तमाशाला जानार नाय. नायतर या गावच्या मांडवात तुझा धवला नाय."

तिने विश्रामकडे बघितलं. विश्राम जाळ्याची सुई दातात धरून उभा होता. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघते? गळा तुझा हाय."

केशरबाईने नारळ घेतला, देवीपुढे ठेवला, हात जोडले. "माय, गाणा पडत होता, मी पडू दिला नाय. त्याचा हा नारळ." आणि दामाजीकडे न बघता घरी गेली.

पुढची दोन वर्षं गावात सात लग्नं झाली. एकाही मांडवात तिला बोलावणं नव्हतं. कोणी भटजी आणला, कोणी टेपवर सिनेमाची गाणी लावली. सनईच्या आवाजात हळद लागायची आणि केशरबाई आपल्या ओट्यावर मासळी साफ करत बसायची. बर्फखान्याचा एकही कार्यक्रम तिने चुकवला नाही. पण मी तिला एक-दोनदा होडीत बघितलं आहे, वल्ह्याच्या लयीत ओठ हलत होते, आवाज नाही. ती धवले घोकत होती. पोटी मुलगी नव्हती, शिकायला कोणी येत नव्हतं. गळ्यात बंद पडलेलं गाणं विसरायला किती दिवस लागतात, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तीच तिची भीती होती.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दामाजीच्या नातीचं, नीलाचं लग्न निघालं. नीलाच्या आईने हट्ट धरला. भटजी नको, टेप नको, धवला पाहिजे. मग दामाजीने मुंब्र्याच्या बाजूच्या एका गावातून जनाबाईला आणलं. जनाबाई जुनी धवलारीण, पण वय सत्तरीच्या पुढे, दम्याने पोखरलेली.

दामाजीचं अंगण आणि केशरबाईचा ओटा यांच्या मधे एक चिंचोळी गल्ली. सकाळी नऊचा सुमार. मांडवात नीला पाटावर बसली. केशरबाई ओट्यावर निवट्या साफ करत होती, आनंद येत्या रविवारच्या कार्यक्रमाचं सांगायला आला होता आणि तिच्यासमोर चहा घेत होता. पलीकडे जनाबाईने उचललं.

*ये गो खाडीमाय, ये हळदीला...*

केशरबाईचे हात थांबले.

चार कडवी झाली. पाचव्यात जनाबाईला खोकला आला. ती थांबली, पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. मांडवातल्या बायकांना गायलेली ओळ मागून ओढायचं येत होतं, पुढची ओळ एकीलाही येत नव्हती. त्यांनी तीच ओळ दोनदा, तीनदा फिरवली. आवाज बारीक होत गेला. गाणं पडायला आलं. नीलाची आई हातात हळदीची वाटी घेऊन तशीच उभी.

"मावशी," आनंद हळूच म्हणाला.

"मी तिकडं जानार नाय. मना बोलावणा नाय."

"मग?"

"मंग काय? माझ्या दारात गायला कोणाचा बोलावणा लागतो?"

तिने कोयती खाली ठेवली, हात धुतले, ओट्यावर उभी राहिली आणि सहावं कडवं उचललं. पत्र्यांवरून, गल्लीवरून, सरळ मांडवात. आनंदने पालथा हंडा मांडीशी ओढला.

दामाजी गल्लीत आला, कपाळाची शीर ताठलेली. तोंड उघडलं, आणि मिटलं. काय म्हणणार होता? थांब म्हटलं की धवला पडतो. धवला पडला की नातीचं लग्न अर्धं. तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला, एका बाजूला त्याचा मांडव, एका बाजूला तिचा ओटा, आणि हळूहळू त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले. देव येत होते. धवला संपेपर्यंत घरच्या वडिलाला उभं राहणं भाग होतं.

हे केशरबाईच्या ध्यानात आलं आणि तिने गाणं लांबवलं. धवलारणीला तो हक्क असतो. तिने नीलाचं नाव ओवलं, दारातलं चिंचेचं झाड ओवलं, जनाबाईचा दम ओवला. मग जे कोणी ओवलं नव्हतं ते घेतलं.

*ये रे मोहन्याच्या भोंग्या, ये हळदीला,*
*गोविंदाच्या पोराला घे संगतीला,*
*बर्फखान्याचा ढोल लाव दाराला...*

बायका मागून ओढत होत्या, एकही ओळ सोडत नव्हत्या. मांडवाच्या कडेला येऊन काही जणी तिच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. नीलाची आई नीलाच्या गालांना हळद लावत होती आणि रडत होती. अर्धा तास, वर थोडा. दामाजी हात जोडून उन्हात उभा होता आणि प्रत्येक ओळ त्याला ऐकावी लागली.

शेवटचा शब्द तिने खाली ठेवला. हंडाही थांबला.

दामाजीने हात सोडले.

"बोईट केलाय जेवायला," तो म्हणाला. "त्या पोराला पण आन."

"येते," केशरबाई म्हणाली. "पन रविवारी ठाण्याला बर्फखान्याचा कार्यक्रम हाय. मी जानार. आताच सांगून ठेवते, मागून बैठक नको."

दामाजी वळून मांडवात गेला आणि पहिल्या पंगतीत दोन पाट जास्त मांडायला सांगितले.

केशरबाईने आंबाड्यातली अबोली सारखी केली, आनंदच्या हातातला हंडा घेतला, आत नेऊन सुलटा ठेवला, आणि पायात वहाणा घातल्या. नीलाची धाकटी बहीण दारात येऊन उभी होती.

"आत्या, ती भोंग्याची ओळ पुन्हा सांग ना," ती म्हणाली.

"पहिल्यापासून सांगते," केशरबाई म्हणाली. "मधनं नाय सांगायचा."